जुना रंग उतरवून केसांना नवा रंग देताना: घाई टाळा, केस वाचवा

मार्च संपत आला की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि लातुरातल्या माझ्या पार्लरमध्ये एक ठरलेली मागणी येते. "ताई, केस पार काळेकुट्ट झालेत, जरा ब्राऊन करून द्या ना. परवा हळद आहे." मी बसवून घेते, चहा सांगते आणि नाही म्हणते. दोन दिवसांत केस धुऊन, सेट करून, छान अंबाडा घालून देता येतो. जुना डाय काढून नवा रंग चढवायचा असेल तर महिना-दीड महिना हाताशी हवा.

हा वेळ कुठं जातो आणि प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय करायचं, ते इथं सगळं लिहिते आहे. पाकिटावरच्या सूचना वाचून घरी हे करणाऱ्या खूप जणी आहेत आणि नीट केलं तर जमतंही. पण त्या सूचनांमध्ये आपल्याकडच्या दोन गोष्टी नसतात: वर्षानुवर्षं लावलेली 'काळी मेंदी' आणि आपलं बोअरचं पाणी. मराठवाड्यात केस बिघडलेले मी पाहिले ते जास्त करून या दोन कारणांनी.

आधी केसांचा इतिहास काढा

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब वेणी असेल तर तिचा शेंडा चार-पाच वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळात डोक्याला जे जे लावलं, ते शेंड्यात अजून आहे. म्हणून "मागच्या महिन्यात काय लावलं" एवढं विचारून भागत नाही. कागद घ्या आणि आठवेल तितकं मागं जाऊन लिहा. रिबॉण्डिंग, स्मूदनिंग केलं असेल तर तेही लिहा.

माझा आणि गिऱ्हाइकाचा संवाद बहुतेक वेळा असाच होतो.

"काय लावत होतात?"

"काही नाही हो, साधी मेंदीच."

"कोणती?"

"काळी."

मेंदी काळी नसते. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग तांबडा-केशरीच येतो. अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या पुडीत मेंदीचा पाला असला तरी काम करतो तो पीपीडी, म्हणजे डायमधलं रसायन. पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पाच मिनिटांत रंगवणारे 'शॅम्पू कलर'ही बहुतेक याच जातीचे. डाय लावलेला नाही असं मनापासून सांगणाऱ्या बाईच्या केसांत दहा वर्षांचे थर असतात, ते असे.

इतिहास हवा कशासाठी, तर रंग कोणत्या जातीचा आहे त्यावर तो निघेल की नाही हे ठरतं.

अमोनिया आणि डेव्हलपरवाल्या (डेव्हलपर म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) पक्क्या रंगात अमोनियामुळं केसावरचे खवले उघडतात, रंगाचे बारीक कण आत शिरतात आणि डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडमुळं आत एकमेकांना जोडून मोठे होतात. फटीतून घुसलेलं मांजराचं पिल्लू आत वाढून बसावं, तसे ते मग आल्या वाटेनं बाहेर पडू शकत नाहीत. कलर रिमूव्हर हे जोड तोडतो आणि कणांना पुन्हा लहान करतो. हा रंग निघतो.

शुद्ध मेंदी केसातल्या केराटिनलाच धरून बसते. तिच्यावर रिमूव्हर चालत नाही. मेंदीत नीळ, म्हणजे इंडिगो, मिसळलेली असेल तर ब्लीचनं ती हिरवट पडू शकते. अशा केसांवर त्याहून गडद रंग चढवता येतो. फिकट रंग हवा असेल तर केस वाढू देऊन खालचे कापत जाणं हाच मार्ग आहे. हे ऐकून बायका नाराज होतात. तरी मी हेच सांगते, कारण दुसऱ्या वाटेनं जाऊन केस गुच्छानं हातात आलेले मी पाहिलेत.

तिसरी जात धातूची. रोज थोडं थोडं लावून पांढरे केस हळूहळू काळे करणारी काही तेलं आणि पाणी असतात, त्यांत धातूचे क्षार असू शकतात. आणि आपल्या घरातली लोखंडी कढई! रात्रभर लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी, त्यात चहाचं पाणी आणि आवळा. आजीच्या हातची ही रीत मलाही प्रिय आहे. पण कढईतलं लोखंड त्या मेंदीत उतरतं, म्हणूनच ती काळपट होते. पुढं त्याच केसांवर पेरॉक्साइड पडलं की लोखंडामुळं ते भराभर फुटतं, केस तापतात आणि तुटतात. कढईतली मेंदी लावत असाल तर लावत राहा, काही बिघडत नाही. फक्त ती लावणाऱ्या केसांवर डेव्हलपर किंवा ब्लीच नको.

गुंतवळाची परीक्षा

काय लावलं ते आठवत नसेल तर केसच सांगतात. पूर्वी बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवून ठेवायच्या आणि ते देऊन दारावरच्या बाईकडून एखादं भांडं घ्यायच्या. तसंच आठवडाभराचं गुंतवळ जमवा, किंवा मानेजवळच्या आतल्या भागातून दोऱ्याएवढी बट कापा. शेंड्याकडचा जुना भाग त्यात आला पाहिजे.

काचेच्या वाटीत दोन मोठे चमचे २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर घ्या आणि त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लायकर अमोनियाचे २० थेंब टाका. हे खिडकी उघडून, हातमोजे घालून करा आणि वाटीवर तोंड नेऊ नका. बट दोऱ्यानं बांधून त्यात ३० मिनिटं बुडवून ठेवा. स्टीलची वाटी चालत नाही, कारण धातूमुळं पेरॉक्साइड आधीच फुटू शकतं.

आता वाटीजवळ बसून राहा. केस किंचित फिकट झाले आणि वाटी गार राहिली, तर पुढं जायला हरकत नाही. अर्ध्या तासानंतरही केस जसेच्या तसे राहिले तर थांबा, त्यांच्यावर चांदीच्या क्षाराचा थर असू शकतो. वाटी बाहेरून कोमट लागू लागली, बटेभोवती जोरात बुडबुडे उठले, उग्र वास आला किंवा केस हिरवट झाले, तर आत धातू आहे. बट ओढून बघा, ती लापशीसारखी सुटते. एका बाईंची वाटी माझ्या तळहातावर चहाच्या कपाइतकी गरम झाली होती आणि बट मधूनच विरघळून दोन तुकडे झाली होती. त्या स्वतःच म्हणाल्या, "बाई गं, हे माझ्या डोक्यावर झालं असतं." त्यांनी मग खांद्यापर्यंत केस कापले आणि उरलेले तसेच वाढवले.

वाटीतून पास झालेल्या केसांची दुसरी परीक्षा ताणाची. एकच ओला केस दोन चिमटीत धरून हळू ओढा. चांगला केस थोडा लांबतो आणि परत आखडतो. लगेच तुटला तर तो कोरडा पडलाय. च्युइंगमसारखा लांबतच गेला आणि परत आलाच नाही तर आतून पोकळ झालाय. अशा केसाला सध्या काहीच करू नका. रिबॉण्डिंग केलेले केस या परीक्षेत फार वेळा नापास होतात.

अठ्ठेचाळीस तास

पॅच टेस्ट टाळू नका. "मी दहा वर्षं लावते, मला काही होत नाही," हे वाक्य मी रोज ऐकते. पीपीडीची ॲलर्जी कोणत्याही वर्षी सुरू होऊ शकते आणि एकदा झाली की जन्मभर राहते. जत्रेत हातावर काळ्या 'मेंदी'चा टॅटू काढून घेतलेल्या मुलींना हा धोका जास्त असतो, कारण त्या काळ्या लेपात पुष्कळदा पीपीडीच असतं.

जो रंग लावणार तोच, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे, कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावा आणि ४८ तास लक्ष ठेवा. रिमूव्हरचीही अशीच टेस्ट घ्या, पण दुसऱ्या हातावर. खाज, लाली, पुरळ, आग यातलं काहीही दिसलं तर धुऊन टाका आणि तो रंग वापरू नका. रंग लावल्यावर डोळे किंवा ओठ सुजले, श्वास जड झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. रंग धुवा आणि थेट दवाखान्यात जा.

टाळूवर जखम, पुरळ, ताजं खाजवलेलं असेल तर थांबा. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. दमा असणाऱ्यांनी ब्लीच पावडरपासून लांबच राहावं, कारण तिच्यातल्या परसल्फेटनं दम्याचा झटका येऊ शकतो. आणि लहान मुलं असलेल्या घरात डायची पुडी फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात ठेवा. ती पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो आणि किडनीवर परिणाम होतो. तसं झालं तर क्षणही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्या.

पाण्याची सोय झाल्याशिवाय बाटली उघडू नका

या भागावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथं मी स्वतः चुकले आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं. आम्ही टँकरच्या पाण्यावर पार्लर चालवत होतो. एक कॉलेजची मुलगी मुलाखतीला पुण्याला जायची होती, काळा डाय काढून हवा होता. मी रिमूव्हर लावला, वेळ पाळली आणि दोन बादल्यांत केस धुतले. तेवढंच पाणी होतं. उठली तेव्हा केस सुरेख तपकिरी दिसत होते. तिसऱ्या दिवशी ती परत आली. मुळांपाशी तपकिरी, मध्ये काळे पट्टे, शेंडे जवळजवळ पूर्ववत काळे. चूक माझी होती.

रिमूव्हर रंगाचे कण लहान करतो, पण त्यांना केसाबाहेर काढायचं काम पाण्याचं. जे कण आत राहतात ते हवेतल्या ऑक्सिजनमुळं पुन्हा जुळतात आणि रंग परत येतो. म्हणून शॉवर असेल तर पंधरा मिनिटं वाहतं कोमट पाणी, आणि बादलीनं धुणार असाल तर लांब केसांना किमान पाच बादल्या पाणी लागतं. ते भरून ठेवल्याशिवाय रिमूव्हरची बाटली उघडायची नाही. नळ येण्याचा वार बघा, टाकी भरलेली बघा. पाण्याची ओढ असेल तर रंग उतरवणं पावसाळ्यापर्यंत पुढं ढकला. पिण्याचं पाणी विकत घ्यायच्या दिवसांत मीच आता कुणाच्या केसांचा रंग उतरवत नाही.

पाणी पुरेसं असणं ही एक गोष्ट आणि ते कसं आहे ही दुसरी. आपल्याकडं काळ्या बेसॉल्ट खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. ओळखायला प्रयोगशाळा नको. लातूरच्या डाळीचं नाव सगळीकडं आहे, पण ती डाळ काही घरांत शिजता शिजत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ दाठर राहते, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते पाणी केसांवरही तसाच थर चढवतं. त्या थरामुळं रिमूव्हर आत नीट पोचत नाही आणि नंतरचा रंग चट्ट्यापट्ट्यांनी चढतो.

यावर उपाय सोपा आहे. रंग उतरवण्याच्या आदल्या आठवड्यात दोनदा अशा शॅम्पूनं केस धुवा, ज्याच्या घटकांत ईडीटीए लिहिलेलं असतं. दुकानात 'क्लॅरिफायिंग' किंवा 'हार्ड वॉटर' शॅम्पू म्हणून मागा. ईडीटीए हे क्षार बांधून घेऊन जातं. धुण्याचं मुख्य पाणी बोअरचं चालेल, पण शेवटची एक बादली फिल्टरच्या जारची घ्या. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरींनी पत्रे धुऊन निघाले की पागोळीचं पाणी भरून ठेवा. त्या पाण्यात साबण कसा फेसाळतो ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

रंग उतरवण्याचा दिवस

सकाळचा वेळ निवडा. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, डोकं घामानं ओलं राहतं, टाळूची आग होते आणि रसायनं गरजेपेक्षा जोरात काम करतात. जुना टॉवेल, जुना गाऊन, प्लास्टिकचा वाडगा, ब्रश, रुंद दातांचा कंगवा, हातमोजे, प्लास्टिकची टोपी आणि घड्याळ जवळ घ्या. पंखा आणि खिडकी चालू-उघडी असू द्या, वास सडक्या अंड्यासारखा येतो. तो गंधकाच्या संयुगांचा वास आहे आणि दोन-तीन धुण्यांनंतर जातो.

केस तेल न लावलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. कपाळाच्या कडेनं, कानांवर आणि मानेवर व्हॅसलीनचं बोट फिरवा. केसांचे चार भाग करा: मधून भांग, मग कानापासून कानापर्यंत. रिमूव्हरच्या पाकिटातल्या दोन्ही बाटल्या मिसळल्या की लगेच लावायला घ्या, कारण मिश्रणाचा जोर लवकर ओसरतो. सुरुवात जिथं रंग जास्त साठलाय तिथून करा, म्हणजे मध्यापासून शेंड्यापर्यंत. नव्यानं उगवलेल्या, कधीच न रंगवलेल्या मुळांना लावायचं कारणच नाही. सगळे केस भिजतील इतकं लावा, टोपी घाला. वेळ पाकिटावरची पाळा, ती साधारण २० मिनिटांपासून तासाभरापर्यंत असते. जास्त वेळ ठेवल्यानं जास्त रंग निघत नाही.

मग धुणं. एकीनं मगानं पाणी ओतायचं आणि दुसरीनं बोटांनी केस उकलत, एकेक थर वर उचलत राहायचं, म्हणजे मानेजवळच्या दाट भागातही पाणी पोचतं. एकटीनं हे होत नाही, बहिणीला, जावेला, शेजारणीला हाताशी घ्या. मध्ये दोनदा शॅम्पू करा. काही पाकिटांत धुण्यासाठी वेगळी बाटली असते, ती तिथल्या सूचनेप्रमाणंच वापरा. मूठभर केस पांढऱ्या फडक्यात दाबून सडक्या अंड्याचा वास येतो का बघा. येत असेल तर अजून धुवा.

घरगुती उपायांबद्दल लोक विचारतात. खायचा सोडा, लिंबू, कपड्याची पावडर, भांड्याचा साबण. पक्का डाय यातल्या कशानंही सुटत नाही. सोडा आणि कपड्याची पावडर क्षारधर्मी असल्यानं केसाचे खवले फुगवून ठेवतात. केस राठ होतात आणि रंग तसाच. कपडे पांढरे करायचं ब्लीच केसांना लावल्याचाही एक प्रकार माझ्यासमोर आला होता, टाळू भाजली होती.

केशरी केस पाहून घाबरू नका

टॉवेल सोडला की आरशात केशरी, तांब्यासारखे केस दिसतात. बहुतेक जणी इथंच रडायला लागतात. "काय करावं गं माय आता?"

काही करू नका. जुना डाय लावताना प्रत्येक वेळी डेव्हलपरनं तुमचा मूळचा काळा रंगही थोडा थोडा फिकट केला होता. वरून डाय होता म्हणून ते दिसत नव्हतं. रिमूव्हरनं डाय गेला आणि खालचं उघडं पडलं. आपल्या काळ्या केसांच्या आत नेहमी तांबडा-केशरी रंगच असतो, आणि मुळांपेक्षा शेंडे जास्त केशरी दिसणारच.

याच घटकेला लोक घाबरून काळा डाय लावतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. ताज्या उतरवलेल्या केसांत राहिलेले कण डेव्हलपरचं पेरॉक्साइड मिळताच पुन्हा जुळतात. शिवाय केस स्पंजासारखे झालेले असतात, तपकिरी लावलं तरी काळपट पितात. म्हणून दोन आठवडे थांबा. या काळात तीन-चार वेळा सौम्य शॅम्पूनं केस धुवा, रंग परत गडद होतोय का बघा. दर धुण्याआधी रात्री खोबरेल तेल लावा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, ही आपल्या घरातली सवय खरोखर कामाची आहे.

नोकरीमुळं थांबणं शक्य नसेल तर डेव्हलपर नसलेला, धुण्यानं हळूहळू जाणारा रंग लावा. नाहीतर स्कार्फ बांधा. आपल्याकडं उन्हात मुली तसाही स्कार्फ बांधूनच गाडीवर जातात.

नवा रंग निवडणं आणि लावणं

रंगाच्या पाकिटावरचा आकडा समजून घ्या. पहिला आकडा गडदपणा सांगतो: १ म्हणजे काळा, ४ म्हणजे मध्यम तपकिरी, १० म्हणजे सर्वात फिकट. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, राखाडी, सोनेरी, तांबूस. उतरवलेले केस रंग जास्त पितात म्हणून हवा आहे त्यापेक्षा एक पायरी फिकट शेड घ्या. ४ हवा असेल तर ५ घ्या. केशरीपणा मारायला निळी झाक लागते, म्हणून राखाडी, म्हणजे 'ॲश', झाकेचा तपकिरी बरा पडतो. पिवळेपणा मारायला जांभळी झाक आणि हिरवटपणा मारायला तांबडी. मात्र केस खूप फिकट झाले असतील आणि एकदम गडद तपकिरी करायचे असतील तर नुसता ॲश हिरवट-मातकट दिसतो. तिथं आधी तांबूस-सोनेरी झाक भरून घ्यावी लागते. हे काम पार्लरमध्येच करून घ्या.

डेव्हलपर १० व्हॉल्यूमचं, म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइडचं पुरतं. दुकानदार ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के, देऊ करेल, "लवकर चढतो" म्हणेल. ते घेऊ नका. मुळांशी पांढरे केस असतील तर फक्त तिथं २० व्हॉल्यूम आणि नैसर्गिक शेड वेगळ्या वाडग्यात कालवा, कारण पांढऱ्या केसांवर १० नीट पकडत नाही. एकच मिश्रण मुळापासून शेंड्यापर्यंत ओढलं की शेंडे काळे आणि मुळं फिकी होतात.

आधी एका बटेवर पूर्ण वेळ लावून धुऊन, वाळवून बघा. ओला रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून ओल्यावर निकाल ठरवू नका. बटेचा रंग पसंत पडला तरच सगळीकडं लावा. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत जा, कारण असे केस पाकिटावरच्या वेळेच्या आधीच रंगतात. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीच लावायचा नाही. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटते.

एक गैरसमज इथंच दूर करते. रंग रंगाला फिकट करत नाही. काळ्या डायवर गोल्डन ब्राऊन लावलं तर फक्त नव्यानं उगवलेली मुळं सोनेरी होतात आणि खालचे केस काळेच राहतात.

ब्लीच

रिमूव्हरनंतरही केस हवे तितके फिकट झाले नाहीत, तरच ब्लीचचा विचार. मी ते घरी करायला सांगत नाही. चेहऱ्याचं ब्लीच केसांना चालत नाही. पार्लरमध्ये करून घेताना तीन प्रश्न विचारा: डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं, बट घेऊन आधी बघणार का, आणि आधी ब्लीच झालेल्या भागावर पुन्हा ब्लीच चढणार नाही ना. २० च्या वरचं टाळूला लागू देऊ नका. रिमूव्हरनंतर निदान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. रिबॉण्डिंग झालेले, कढईच्या मेंदीचे किंवा वाटीच्या परीक्षेत नापास झालेले केस असतील तर ब्लीच नाही, आणि यात मी तडजोड करत नाही.

नंतरचे दिवस

नवा रंग लागल्यावर दोन-तीन दिवस शॅम्पू नको. मग आठवड्यातून दोनदा सौम्य शॅम्पू, प्रत्येक वेळी कंडिशनर, शेवटचं पाणी जारचं किंवा पावसाचं. ॲश झाक बोअरच्या पाण्यानं सर्वात आधी उडते, त्यामुळं केस पुन्हा तांबूस दिसायला लागले तर रंग वाईट होता असं समजू नका, आधी पाणी बदलून बघा. महिन्यातून एकदा ईडीटीएवाला शॅम्पू पुरे, तो रोज वापरला तर रंगही काढतो. उन्हात डोकं झाका. पुढचा रंग पाच-सहा आठवड्यांनी आणि फक्त मुळांना.

आणि एक साधी वही करा. तारीख, पाकिटावरचं नाव आणि शेडचा आकडा, डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं, किती मिनिटं ठेवलं, कोणत्या पाण्यानं धुतलं, हे लिहा आणि त्या दिवशीची रंगवलेली छोटी बट चिकटपट्टीनं पानावर चिकटवा. माझ्याकडं नियमित येणाऱ्या एक शिक्षिका अशी वही ठेवतात. त्यांच्या पहिल्या पानावर कोळशासारखी काळी बट आहे, दुसऱ्यावर तांब्याची, तिसऱ्यावर चिकूच्या सालीच्या रंगाची. पुढच्या वेळी माझ्याकडं या नाहीतर दुसऱ्या कुणाकडं जा, "आधी काय लावलं होतं?" असं विचारलं की ती वही काढून समोर ठेवा.